क्षयाची मंजूर व्याख्या

१९७४ साली नागपुरात आमच्या कचेरीने एक समिती नेमली. रोगांची नावं सामान्य माणसाला सोप्या भाषेत समजावणारी पुस्तिका काढायची, एवढंच तिचं काम. समितीत पाच विद्वान होते, सामान्य माणूस एकही नव्हता. लिहून घ्यायला मी होतो, कारकून. चहा द्यायला शिपाई चंपतराव.

अध्यक्ष मनोहरराव निवृत्त प्राध्यापक. प्रताप नगरातल्या नव्या बंगल्यातून रिक्षाने यायचे आणि काटोलची संत्री सोलत सोलत भाषाशुद्धी करायचे. एकट्या अतिसारावर तीन बैठका गेल्या. 'जुलाब' परका म्हणून हाकलला. मी 'हगवण' म्हणालो तर एकाने नाकाला रुमाल लावला.

क्षयाची पाळी सहाव्या महिन्यात आली. कच्चा मजकूर माझाच होता: 'क्षय म्हणजे टी.बी. खोकला थांबला, बरं वाटलं, तरी डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या सोडू नका. सोडल्या तर रोग उलटतो.'

मनोहररावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ही व्याख्या आहे की चावडीवरच्या गप्पा?" म्हणत लाल शाईने सगळं खोडलं.

चंपतराव तेव्हा कपबशा उचलत होता. त्याला खोकल्याची उबळ आली.

"अरे, बाहेर जाऊन खोक," मनोहरराव कडाडले. "इथे महत्त्वाचं काम चाललंय."

चंपतरावला टी.बी. होता. नोकरी जाईल या भीतीने तो लपवायचा. कचेरीत फक्त मला ठाऊक होतं. दोन महिन्यांनी त्याने मला जिन्यात गाठलं.

"बाबूजी, खोकला गेला जी. वजनबी वाढून राहिलं. आता गोळ्या काहून खाऊ? पोटात आग पडते. दवाखान्यात कोणी नीट सांगत नाही."

उत्तर मला तोंडपाठ होतं. पण ते खोडलेलं होतं. नामंजूर मजकूर बाहेर सांगितला आणि उद्या कोणी जाब विचारला तर? वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

"पुस्तिका येऊन राहिली गा," मी म्हटलं. "त्यात सगळं असेल."

वर शिस्त पाळली म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

पुस्तिका दीड वर्षाने आली. त्याच आठवड्यात चंपतरावची बायको गोपिका सक्करदऱ्याहून पायी आली. नवऱ्याला खोकल्यातून रक्त पडत होतं, दवाखान्यात ठेवला होता. ती त्याच्या रजेचा अर्ज घेऊन आली होती. मी तिच्या हातात पुस्तिका दिली. सातवी शिकलेली बाई. बोट ठेवून अडखळत वाचू लागली: "क्षय: जंतुजन्य फुप्फुसीय ऊतिनाश. लक्षणोपशमनानंतरही औषधोपचारसातत्य अनिवार्य." तिने मान वर केली. "म्हंजे काय जी?"

"म्हणजे... बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत."

"इतलंच?"

"इतकंच."

तिने पुस्तिका मिटली. "त्यायनं तुमाले जिन्यात इचारलं होतं, बाबूजी. तवा मालूम होतं तुमाले?"

त्या बाईसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी अर्ज ओढून घेतला आणि तारीख बरोबर आहे का ते तपासायला लागलो.