एक वादीसुद्धा नको

तवनाप्पाचा आयुष्यात दोन गोष्टींवर कधी विश्वास बसला नाही: तंबाखूच्या ढिगाच्या वरच्या थरावर आणि विकणाऱ्याच्या तोंडावर. निपाणीच्या पेठेत त्याची वखार होती. माल बघायला गेला की बाही सारून कोपरापर्यंत हात ढिगात घालायचा, पार तळातलं पान ओढून काढायचा, नाकाला लावायचा आणि मगच मालकाच्या तोंडाकडं बघायचा. खरं सांगायचं तर स्वतःचा माल विकताना वरचा थर तोही जरा निवडूनच लावायचा. पेठेत सगळेच लावतात, त्याला लबाडी म्हणत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

असा माणूस एकोणीसशे चोवीस साली मोटार घ्यायला निघाला, आणि तीही आईसाठी.

आई म्हणजे पद्मावती. घरात, गल्लीत, वखारीत सगळे तिला आव्वा म्हणत. वय सत्तरीचं, अंगानं काडी, पण जैन धर्माच्या नेमाची अशी पक्की की तिच्यापुढं सुना, नोकर आणि खुद्द तवनाप्पा मान खाली घालून असत. चामड्याच्या बुधल्यातलं तूप तिनं लग्नाआधीच सोडलं होतं. मोटेचं पाणी ती पीत नसे, कारण मोट कातड्याची. पुढं एकदा डोंगरातल्या स्तवनिधीच्या देवाला जाताना तवंदीच्या चढावर गाडीचा बैल गुडघ्यांवर बसला आणि गाडीवानानं त्याला पराणी टोचली. ते बघून ती गाडीतून उतरली ती कायमची. मुक्या जिवाच्या मानेवर माझं म्हातारपण नको, म्हणाली. माणसांच्या खांद्यावरच्या डोलीत तर ती बसणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून दर अमावस्येला ती निपाणीहून स्तवनिधीच्या देवाला पायी जायची. मग गुडघे गेले, आणि गेली तीन वर्षं तिनं उंबरा ओलांडला नव्हता. अमावस्येला ओसरीवर बसून डोंगराच्या दिशेनं हात जोडायची. तवनाप्पाचं नावच त्या देवावरून ठेवलेलं. त्याला ते बघवत नसे.

मोटारीला बैल लागत नाही, ही साधी गोष्ट एके दिवशी त्याच्या डोक्यात शिरली आणि तो बेळगाव गाठून कॅम्पातल्या मारुतीरावांच्या मोटारींच्या दुकानात उभा राहिला.

मारुतीराव हे पोटभर बोलणारे गृहस्थ. हिरव्या रंगाची एक विलायती मोटार दाखवत म्हणाले, "घाट म्हंजे काय, हे ह्या गाडीला ठाऊकच न्हाय." तवनाप्पा मनात म्हणाला, हा झाला वरचा थर. मग मोटार सुरू करून दाखवायला रवळू नावाच्या माणसाला बोलावलं गेलं. हा जवळच्या कंग्राळी गावचा, तिशीतला, नखांत तेल मुरलेला. आधी मोटारी दुरुस्त करायचा. मराठी आणि कानडी दोन्ही बोलतो म्हणून मारुतीरावांनी त्याला विक्रीला उभा केला होता.

"ही घाट चढती व्हय?" तवनाप्पानं त्याला मुद्दाम विचारलं.

"चढती आप्पा, पर दमती," रवळू म्हणाला. "चढाला लागायच्या आधी थांबवून पाणी घालायला लागतंय. न्हाय घातलं तर वाफ सोडती."

मारुतीरावांचा चेहरा उतरला. तवनाप्पा चकित झाला. तळातलं पान आपणहून हातात देणारा विकणारा त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यानं आव्वाचा नेम सांगितला आणि अट घातली: बैठक कातड्याची आहे ती काढून जाड कापडाची करायची. "माझ्या आईच्या गाडीत कातड्याची पट्टीच काय, एक वादी बी नको."

"एक वादी बी?" रवळूनं विचारलं.

"एक वादी बी."

रवळू काही बोलणार होता, पण मारुतीरावांनी मध्येच "व्हईल, व्हईल, बैठक बदलली की झालं," म्हणून विषय संपवला. रवळू मोटारीच्या पोटाकडं बघत डोकं खाजवत राहिला.

अमावस्येच्या सकाळी मोटार निपाणीत दारासमोर येऊन उभी राहिली. गल्लीतल्या बाया, वखारीतले हमाल, शेजारची राजाबाई लेकी-सुनांसकट, सगळे गोळा झाले. रवळू अनवाणीच खाली उतरला आणि फडक्यानं दिवे पुसू लागला. आव्वा सुनेचा हात धरून तीन वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आली. मोटारीच्या नाकावर तिनं हात ठेवला. पत्रा गरम होता.

"जीव न्हाय म्हणता हिच्यात," ती म्हणाली, "आणि अंग तापलंय."

आव्वानं पायरीवर पाय ठेवला, दाराला धरलं, आणि थांबली.

"आत कुठं कातडं हाय काय?"

"न्हाय आव्वा," तवनाप्पा घाईनं म्हणाला. "बैठक बदलून घेतलीया."

"तुला न्हाय रं, ह्याला इचारलं मी."

रवळूनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "हाय, आव्वा. पोटात हाय."

आव्वानं पाय खाली घेतला. तवनाप्पाला वाटलं, ह्याच्या थोबाडीत द्यावी. तीन वर्षांनी उचललेलं म्हातारीचं पाऊल ह्या शहाण्यानं चार शब्दांत खाली आणलं होतं.

"दाखीव," आव्वा म्हणाली.

रवळूनं तिच्याकडं दोन फुलपात्रं आणि ओली चिंधी मागितली. पायाखालची फळी उचलून आतली लोखंडी वाटी दाखवली आणि तिथंच पायरीवर बसून सांगू लागला. "हे खालचं फुलपात्र म्हंजे इंजिन. ते गरागरा फिरतंय. हे वरचं म्हंजे चाकं. ती उभी हाईत." त्यानं एक फुलपात्र दुसऱ्यात ठेवलं आणि खालचं फिरवलं. वरचं निसटत, खडखडत जागच्या जागीच राहिलं. मग मधे ओली चिंधी गुंडाळून पुन्हा दाबलं आणि फिरवलं. आता दोन्ही एकजीव होऊन फिरली. "ह्याला किलच म्हणत्यात. चिंधीच्या जागी कातड्याची पट्टी हाय. तिच्याबिगर इंजिन नुसतं गुरगुरंल, गाडी हलायची न्हाय."

आव्वानं फुलपात्रं हातात घेतली आणि स्वतः फिरवून बघितली. एकदा, दोनदा, तीनदा. तिच्या तोंडावर राग नव्हता. तवनाप्पानं तिला असं मन लावून फक्त शास्त्र ऐकताना पाहिलं होतं.

"आणखी कुठं?" तिनं विचारलं.

"पंख्याच्या पट्ट्यात. आन् चाकात हवा भरायचा पंप असतोय, त्याच्या आत एक लहान चकती." रवळूनं जरा थांबून पुढचंही सांगितलं. "आन् आव्वा, न इचारताच सांगतो. चाकाखाली किडामुंगी येणार. रातीला दिव्यावर पाखरं येणार. ते मला थांबवता यायचं न्हाय."

"दिवसा आणि हळू गेलं तर?"

"कमी व्हईल. बंद व्हणार न्हाय."

"माझ्या पायाखाली बी बंद नव्हतंच," आव्वा म्हणाली आणि सुनेचा हात धरून आत गेली.

तवनाप्पानं रवळूला बाजूला घेतला. "कोण बघायला जाणार होतं रं तिथं?"

"कोण न्हाय, आप्पा."

"मग?"

"दुकानात मला नुसता संशय होता, मग फळी उचलून बघितली. पर आता ठावं हाय न्हवं." त्यानं फळी पुन्हा जागेवर बसवली. "मालकांनी सांगितलंय, ही गाडी न्हाय गेली तर कंग्राळीत जाऊन रताळी लाव. लावीन की. पर पुढच्या अमावस्येपतूर गाडी दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणून त्यांच्या पाया पडतो. कातड्याबिगर किलच बसवून बघतो. बसला तर येतो. न्हाय बसला तर न्हाय बसला म्हणून सांगायला येतो."

मोटार निघून गेली. तवनाप्पा वखारीत येऊन बसला, पण त्याचं कामात लक्ष लागेना. सगळी पेठ ज्याला धंदा म्हणते ते त्या माणसाला जमत नव्हतं, आणि तरी त्याच्यासमोर उभं राहिल्यावर आपणच खुजे वाटत होतो. कोपरापर्यंत हात घालायची सवय असलेल्या तवनाप्पाला पहिल्यांदाच हात घालायला जागा उरली नव्हती. त्याला त्या माणसाची थोडी भीतीच वाटली.

पुढच्या अमावस्येला मोटार आली. कापडगिरणीतल्या यंत्राचा जाड सुती पट्टा मिळवून, कापून, शिवून, चार वेळा फसून पाचव्यांदा रवळूनं तो बसवला होता. पंख्याला सुताची दोरी होती. पंप त्यानं बेळगावातच ठेवला होता. आल्या आल्या त्यानं सगळे दोष सांगून टाकले: सुटताना हिसका देईल, दर पावसाळ्यानंतर पट्टा नवा लागेल, तेल लागलं तर घसरेल. फळी उचलून आव्वाला पांढरी पट्टी दाखवली. आव्वानं वाकून बघितली, पायरीवर पाय ठेवला आणि आत जाऊन बसली. रवळू पुढं हँडल मारत होता तेव्हा तवनाप्पा दुसऱ्या बाजूनं चढून पुढच्या बैठकीवर बसला. हिसका बसला, गल्लीतली पोरं ओरडली आणि मोटार निघाली.

त्या वाटेचं काय सांगावं. दोन्ही बाजूंना तंबाखूची हिरवी रानं मागं सरत होती आणि पुढं बैल नव्हता, पराणी नव्हती, कुणाची धापा टाकणारी पाठ नव्हती. तवनाप्पानं मागं वळून पाहिलं. आव्वानं पदर घट्ट धरला होता, डोळे मोठे केले होते आणि ओठ णमोकार म्हणत होते. मधेच ती हसत होती. आईला हसताना बघून पंचेचाळीस वर्षांच्या त्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं वाऱ्याच्या नावावर खपवलं.

चढाला लागायच्या आधी पाणी घालायला थांबले. रवळूनं डबा उचलला तेव्हा मागून आवाज आला, "गाळून घाल." आव्वानं स्वतःचं गाळायचं फडकं पुढं केलं. रवळूनं मुकाट्यानं पाणी गाळून मोटारीला पाजलं.

स्तवनिधीच्या देवळाखाली मोटार थांबली. आव्वा खाली उतरली आणि कुणाचाही हात न धरता पायऱ्यांकडं चालू लागली. रवळू मोटारीच्या सावलीत टेकला आणि त्यानं पाय पसरले. तवनाप्पाची नजर त्याच्या तळव्यांवर गेली. लालभडक झाले होते, उजव्या टाचेशी फोड आला होता.

"हे काय रं?"

"कायबी न्हाय. घाटाकडं आलं की खालची लोखंडं तापत्यात."

"मग पायात कायतरी घालायचं."

रवळूला त्या बोलण्याचं नवल वाटलं. "आप्पा, कातड्याची एक वादी बी नको म्हणाला होता न्हवं तुमी? मागल्या टायमाला बी तसाच आलतो मी."

तवनाप्पानं खाली पाहिलं. त्याच्या पायांत कोल्हापूरहून आणलेल्या नव्या, करकर वाजणाऱ्या वहाणा होत्या. निपाणीपासून इथवर आव्वाच्या मोटारीत त्या आरामात बसून आल्या होत्या. मोटारीच्या पोटातली पट्टी काढली, पंख्याचा पट्टा काढला, बोटभर चकतीसाठी पंप मागं ठेवला, आणि अट घालणारा माणूस जोडीच्या जोडी कातडं घालून तिच्यापुढं बसला होता. देवळाबाहेर काढून ठेवायच्या एवढीच त्यांची आठवण त्याला आजवर होती.

रवळूनंही त्या आता पाहिल्या. तो उठून दिवे पुसायला लागला.

आव्वा पाचव्या पायरीवर होती, पाठमोरी. तिनं पाहिलं नव्हतं. वहाणा इथंच काढून ठेवल्या असत्या, परतताना हातरुमालात गुंडाळून झुडपात टाकल्या असत्या, तर ह्या जन्मात कुणाला कळलं नसतं. सांगितलं तर नेम मोडला हे तिला कळणार होतं, आणि ती पुन्हा मोटारीत बसेल की नाही हे देवालाच ठाऊक. कोण बघायला जाणार होतं? ते त्याचेच शब्द होते, आणि एक महिन्यापूर्वी ज्याला ऐकवले तो दोन हातांच्या अंतरावर दिवा पुसत उभा होता.

तवनाप्पानं वहाणा काढल्या. हातात घेतल्या आणि अनवाणी, तापलेल्या दगडांवरून पायऱ्या चढून आईच्या समोर जाऊन उभा राहिला.

"आव्वा, गाडीत कातडं राहिलं होतं. हे बघ. माझंच."

आव्वानं वहाणांकडं पाहिलं. मग खाली, मोटारीशी उभ्या असलेल्या रवळूच्या पायांकडं. मग बराच वेळ लेकाच्या तोंडाकडं. तवनाप्पाला आठवेना, शेवटचं तिनं आपल्याकडं असं कधी पाहिलं होतं.

"ह्याचा उपास मी उद्या करीन, तू बी कर," ती म्हणाली. "त्या बाबाच्या पायावर पाणी घाल, त्याला दिवस मावळायच्या आत जेवू घाल. आणि जाताना पुढं बसू नको."

"मग कुठं बसू?"

"माझ्याजवळ बस," आव्वा म्हणाली आणि पुढची पायरी चढली.