कोणती छाटणी?

‘प्रोग्रामर कु. निकिता भोये यांनी छाटणीची तारीख निष्काळजीपणे निवडली; टीममधील संवाद मात्र अखंड व सुस्पष्ट होता.’ २००६च्या नोव्हेंबरात कंपनीने आम्हा तिघांच्या चौकशी समितीपुढे ठेवलेल्या अहवालातले हे वाक्य. पूर्वार्धाला पुरावा जोडलेला नव्हता. उत्तरार्धाला होता: रोजच्या उभ्या बैठकीची वही. बैठक उभ्याने घेण्याची ही पद्धत कंपनीने नुकतीच अंगीकारली होती. सकाळी दहा मिनिटे प्रत्येकाने सांगायचे: काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले आहे. अडचण चिठ्ठीवर लिहून भिंतीवरच्या फळ्यावर लावायची.

काम दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदार मंडळाचे होते. बागेची छाटणी झाल्यापासून कितव्या दिवशी कोणती फवारणी, हे छापून देणारा प्रोग्राम हवा होता. ऑक्टोबरात छाटणी होऊन जेमतेम आठ दिवस झाले असता पहिला कागद छापून आला: ‘दिवस १८४. फवारणी बंद. माल काढणीस तयार.’

मंडळाच्या सगुणाबाई तो कागद घेऊन नाशकात मुंबई नाक्याजवळच्या कंपनीच्या ऑफिसात आल्या. ‘दादा, तुमच्या मशिनीला द्राक्षं दिसली. आमाला अजून पान बी दिसंना.’

बाग वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात काडीसाठी आणि ऑक्टोबरात फळासाठी. प्रोग्रामने एप्रिलपासून मोजले होते. मंडळाने काम काढून घेतले आणि कंपनीला एक दोषी लागला.

‘राजीनामा दे, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ,’ टीमप्रमुख योगेश वडजे निकिताला म्हणाले.

‘पत्र नको, सर. भिंतीवरची माझी चिठ्ठी कुठंय, तेवढं सांगा.’

समितीपुढेही तिने तेच विचारले, आवाज न चढवता. निष्काळजीपणाचा शिक्का घेऊन तिला नाशकात दुसरी नोकरी मिळणार नव्हती, हे तिला आणि आम्हालाही ठाऊक होते.

आम्ही वही उघडली. निकिताच्या नावापुढे सलग नऊ दिवस ‘अडचण नाही’. नऊही दिवसांची शाई एक, अक्षराचा तिरपेपणा एक. आणि या अखंड संवादात रविवारचीही बैठक नोंदलेली. रविवारी ऑफिसला कुलूप असते. मी वडजे यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘चुकून लिहिलं गेलं असेल.’ कर्मणी प्रयोगाचा असा उपयोग व्याकरणकारांना सुचला नव्हता.

मग आम्ही भिंतीवरचा फळा मागवला. तो स्टोअरमध्ये, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला होता. त्यावर ‘अडले आहे’ या रकान्यात पिवळी चिठ्ठी तशीच होती. निकिताच्या अक्षरात: ‘दिवस कोणत्या छाटणीपासून मोजायचे?’ खाली पेन्सिलीच्या आठ रेघा, बैठकीच्या प्रत्येक दिवशी एक. त्याखाली लाल शाईत, वहीतल्याच तिरप्या अक्षरात: ‘छाटणी म्हणजे छाटणी. कामाला लागा.’

‘तुम्हाला दोन छाटण्या कशा ठाऊक?’ समितीच्या अध्यक्षांनी निकिताला विचारले.

‘आम्ही पेठकडचे. आई दोन्ही वेळा दिंडोरीला छाटणीला जाते. पण छाटून झालं की मजूर गावी परततात. फवारणीचे दिवस मालक मोजतो, म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा वर्षात पहिली येते ती धरली.’

‘सगुणाबाईंना का नाही विचारलंत?’

‘मंडळाशी फक्त सर बोलणार, असं ठरलं होतं. सगुणाबाईंना बैठकीला बोलवा, असं मी दोनदा म्हटलं. सर म्हणाले, मी बागायतदाराच्या घरातला, मला काय विचारायला लावतेस.’

साक्षीला आलेल्या सगुणाबाई दाराशी बसल्या होत्या. ‘एक फोन केला असता, पोरी, तर सांगितलं असतं. ऑक्टोबरपासून. त्याला कितीसा येळ लागतो.’

अध्यक्षांनी चिठ्ठी वडजे यांच्यापुढे सरकवली आणि फोन का केला नाही, एवढेच विचारले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग ते बोलले, ते लघुलेखकाच्या नोंदीत असे आहे:

‘मलाही ठाऊक नव्हतं. एप्रिलात परीक्षा, ऑक्टोबरात परीक्षा. मी दोन्ही वेळा हॉस्टेलवर. घरच्या बागेची छाटणी मी कधी पाहिलीच नाही. पण मंडळानं काम दिलं ते मी वडज्यांचा मुलगा म्हणून. त्यांना हे कसं विचारणार होतो? आणि मजुराच्या मुलीला जे कळतंय ते मला कळत नाही, हे टीमसमोर कसं म्हणणार होतो? वही मी नंतर लिहिली. चूक तिची नाही.’