साखरेच्या माळा आणि माझं दार

मी एक जुना लाकडी दरवाजा आहे. वीतभर उंचीचा! हसा खुशाल. पण मित्रांनो, मी हृदयाच्या पेशीचं दार दाखवतो. खरं दार डोळ्यांना दिसत नाही. विजेचा हलका धक्का बसला की ते उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि हृदयाचा ठोका पडतो.

परभणीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या सत्यशीलाबाईंनी मला बाभळीच्या लाकडात घडवून घेतलं. खऱ्या दाराच्या प्रथिनाला साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. त्या निघाल्या तर दार उघडायला जास्त वीज लागत असावी, असा तेव्हा नवाच विचार होता. तो दाखवायला बाईंनी माझ्या फळीला दोरी लावून ती चाकावरून खाली सोडली आणि तिच्या टोकाला रंगीत मण्यांच्या दोन माळा बांधल्या; माळा म्हणजे साखळ्या, बोटाचा जोर म्हणजे वीज. माळांच्या वजनानं दोरी ओढली जायची, म्हणून मी एका बोटानं उघडायचो. पोरं वाहवा करायची, मी फुगायचो. सुट्टीत मात्र धूळ खात पडायचो.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बाईंची मुलाखत होती. सात वर्षं त्या तात्पुरत्या नोकरीवर होत्या. समितीपुढं धडा जमला तर कायम, नाहीतर घरी. सकाळी कपाट उघडलं, तर माझ्या माळा गायब!

प्रयोगशाळेतले शिपाई मुंजाजीमामा मान खाली घालून म्हणाले, "म्याडम, मला वाटलं नुसत्या शोभेच्या हायत. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घातल्या. लय चुकलं."

"मग उभे काय राहिलात? सायकल काढा!"

मामा गावाकडं सुटले आणि इकडं समिती आली. बाईंनी मला बोट लावलं. मी हललोच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. एक साहेब हसले, "दार अडकलं वाटतं."

बाई डगमगल्या नाहीत. "अडकलं नाही सर, त्याच्या साखळ्या गेल्यात. आता किती जोर लागतो, तुम्हीच बघा."

साहेबांनी अंगठ्यानं चांगलं रेटलं, तेव्हा कुठं मी करकरत उघडलो. बाई शिकवत राहिल्या. धडा संपत आला, तोच मामा धापा टाकत वर्गाच्या दारात उभे! माळांना शेण लागलं होतं. बाईंनी त्या तशाच बांधल्या. साहेबांनी नुसतं बोट टेकवलं आणि मी सर्रकन उघडलो. साहेब हसायचे थांबले.

महिन्याभरात बाई कायम झाल्या. पेढे मामांनीच वाटले.

आता दोघंही निवृत्त झालेत आणि मी कपाटावर पडून आहे. मित्रांनो, ज्याचं काम ठाऊक नाही ते शोभेचं समजून काढू नका, आधी विचारा. आणि मला खाली काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, बोट लावा. मी उघडणार म्हणजे उघडणारच!