चेंबरच्या काठावरचा माणूस

आमच्या कामात एकजण खाली जातो आणि एकजण वर थांबतो. रस्त्याखालून पाण्याची मोठी पाइपलाइन जाते, तिच्यावर जागोजागी चेंबर आहेत. झाकण सरकवून मी शिडीनं खाली उतरते, दाबाच्या मीटरवरचा काटा बघते आणि ओरडते, "चार दोन!" वर काठावर घडीची खुर्ची टाकून बसलेले भावोजी तोच आकडा परत ओरडतात, "चार दोन!" मी "बरोबर" म्हटलं की मगच वहीत लिहितात. खाली बॅटरीचा झोत धरायचा, गाडीवाल्यांना हात करून बाजूनं काढायचं, हेही त्यांच्याकडेच.

पूर्वी खाली तेच उतरायचे. गुडघा गेला तेव्हा माझ्या ताईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला पुढे केलं. "ही काटकुळी आहे, मावेल खड्ड्यात," म्हणाली. तेव्हापासून मी खाली आणि ते वर. दोघंही कंत्राटावर. पुढच्या वर्षी जोडी ठेवायची की नाही ते साहेब ठरवणार. मला काय, कुठेही काम मिळेल. पण अशा गुडघ्याच्या माणसाला दारात तरी कोण उभं करणार? ताईचं अख्खं घर त्या घडीच्या खुर्चीवर चाललंय.

त्यामुळे साहेब जेव्हा म्हणाले, "वह्या बंद, आता टॅबलेट घ्यायचा, वापरणार तुम्ही तर निवडा तुम्हीच," तेव्हा मला बरंच वाटलं. भावोजींचं अक्षर म्हणजे शाईत पडून उठलेली मुंगी. तेवढी तरी कटकट मिटेल म्हटलं.

भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आले. "मेव्हणीबाई, आज आपण गिऱ्हाईक बरं का! खांदे पाडून उभी राहू नकोस."

दुकानदारानं टेबलावर टॅबलेट मांडले. साहेब भावोजींकडे वळून म्हणाले, "बोला काका, तुमचा अनुभव दांडगा. तुम्हाला काय काय लागतं?"

झालं! एवढ्या वर्षांत त्या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. भावोजी सुटलेच.

"हा पातळ नको, पहिल्याच दिवशी राम म्हणेल. हा जाड बरा. ओल्या बोटांनी चालतो का?" दुकानदार हो म्हणाला, पण भावोजी कुठले ऐकतात! ग्लासभर पाणी मागवलं, बोटं बुडवून काचेवर फिरवली. एक टॅबलेट बावचळला, दुसरा मुकाट चालत राहिला. "हाच," भावोजी म्हणाले. साहेबांनी कौतुकानं मान डोलावली.

"पण धरणार कसा? हिचे दोन्ही हात शिडीला असतात."

दुकानदारानं छातीवर बांधायचा पट्टा काढला. भावोजींनी तो स्वतःच्याच अंगावर चढवला आणि लंगडत दुकानभर फिरून आले. "झकास! आणि उजेडाचं काय? खाली काळोख असतो."

दुकानदारानं पट्ट्याला अडकवायचा छोटा दिवा दाखवला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. बॅटरी धरायचं काम गेलं की यांचं.

मी हळूच त्यांच्या पायावर पाय दिला.

"अगं, पाय माझा!" सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडले.

"जड आहे हो हे सगळं," मी साहेबांना म्हटलं. "पट्टा काचेल मला."

"मग रुंद द्या ना, गादीचा," भावोजींनी लगेच दुकानदाराला फर्मावलं. "आणि हिला खाली लिहिता यायचं नाही. बोललेलं लिहून घेतो का हा?"

घेत होता मेला. एवढंच नाही, भावोजींनी पुढचंही शिकवलं. "नुसतं लिहून उपयोग नाही साहेब. आकडा परत म्हणून दाखवायला पाहिजे, नाहीतर चूक राहते. मी तसंच करतो." दुकानदारानं कुठेतरी बोट दाबलं. भावोजी टॅबलेटवर वाकून म्हणाले, "चार दोन." आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "चार दोन." भावोजी टाळी वाजवून हसले.

मी काय करणार होते? "साहेब, हे सगळं घेतलंत तर माझ्या भावोजींचं काम जाईल," असं तोंडानं म्हणायची सोय नव्हती. साहेबांच्या डोक्यात अजून नसलेला किडा मीच सोडला असता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तरी मी चाचपडत राहिले.

"खाली मला चक्कर आली तर?"

"याला बटण आहे," दुकानदार म्हणाला. "दाबलं की ऑफिसात घंटा."

"आणि गाड्या? गाड्या कोण अडवणार?"

मला वाटलं, आता तरी या माणसाच्या डोक्यात उजेड पडेल. भावोजींनी हात झटकला. "लुकलुकणाऱ्या दिव्यांचं घडीचं कुंपण मिळतं गं. माझ्या हातापेक्षा लोक त्याला जास्त घाबरतील."

साहेबांनी टेबलावरचं सगळं एकदा बघून घेतलं. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "म्हणजे काका, वर कुणी थांबायची गरजच नाही?"

"छे! कशाला?" भावोजी म्हणाले. अंगावर पट्टा तसाच होता.

साहेब दुकानदाराला म्हणाले, "सगळं बांधा." एवढंच.

बाहेर फुटपाथवर आल्यावर भावोजी पट्ट्यानं चुरगळलेला शर्ट सारखा करत राहिले. मग म्हणाले, "मी जरा जास्तच बोललो का गं?"

"नाही हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणू?

नव्या वर्षाच्या कंत्राटावर जोडी पुन्हा लागली नाही. एकटी मी लागले. ताईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "तू होतीस ना तिथे? तुझ्या तोंडाला काय झालं होतं?" पायावर पाय दिला होता, असं मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिल्या दिवशी एकटीच खाली उतरले. काटा बघितला आणि सवयीनं मान वर करून ओरडले, "तीन आठ!" वर नुसतं गोल आभाळ. छातीवरची बाई म्हणाली, "तीन आठ." दिवसभर मी मनात घोकत होते, सटवे, एकदा तरी चूक. एकदा चुकलीस की साहेबांच्या टेबलावर जाऊन आदळते तुला. एकदाही चुकली नाही. उजेड भरपूर, पट्टा मऊ, गाड्या लांबून वळत होत्या. काम लवकर आटपलं.

संध्याकाळी ताईकडे गेले. भावोजी दाराशीच घडीच्या खुर्चीत बसले होते. चेहरा उजळला. "काय मेव्हणीबाई, कसं चाललं यंत्र?"

मला वाटलं, यांना जरा बरं वाटेल असं बोलावं. "भंगार आहे," मी म्हटलं. "पट्टा काचतो, ती बाई भलतंच ऐकते. तुमच्याशिवाय काही खरं नाही."

भावोजींचा चेहरा खर्रकन उतरला. "काचतो? मी तर घालून बघितला होता." गुडघ्यावरून हात फिरवत बसले. "साहेबांनी एवढं विश्वासानं विचारलं, आणि मी चुकीचंच निवडलं म्हणायचं."

ताई आतून बघत होती. मला रडू फुटेल असं झालं.

"थट्टा केली हो," मी म्हटलं. "चांगलं आहे. दिवसभरात एक आकडा चुकला नाही. वरून कुणी लागलंच नाही मला."

"बघ!" भावोजी म्हणाले, आणि खुर्चीत सरसावून बसले. "सांगत होतो ना, गादीचाच पट्टा घ्या म्हणून."