भिकुबाईच्या भिंतीवरची ओळ

पारोळा रस्त्यावरची एकही भिंत झुलाल पेंटरच्या ब्रशातून सुटलेली नव्हती. बियाणं असो की बिडी, अक्षर असं टपोरं की धावत्या एसटीतून वाचावं. भिंत मिळवायची रीत सोपी होती: घराला पुढून फुकट चुना लावून द्यायचा, मालक खूश. भिकुबाईचं घर त्यानं असंच मिळवलं. तिथं धुळ्याच्या रुपचंद वैद्याच्या चूर्णाची जाहिरात रंगवली, ‘मधुमेह मुळासकट बरा’. आणि त्या जाहिरातीशेजारी, कोणी न सांगता, स्वतःच्या मनानं आणखी एक ओळ: ‘गोळ्या आजपासून बंद!’

भिकुबाईनं आपल्या मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि ते चूर्ण घेतलं. चार महिन्यांत पाय सडला, होळीच्या आधी बाई गेली. बाजारात हे झुलालच्या कानावर आलं. पण गेला का तो कबूल करायला? छे! त्या घरावरून जायचं टाळायला शेतातली पायवाट धरायचा. भित्रा माणूस, दुसरं काय.

भिकुबाईच्या मुलानं, सुकदेवनं, सरकारात अर्ज केला. धुळ्याहून औषध निरीक्षक आले. त्यांनी झुलालला बोलावून त्याच भिंतीसमोर उभं केलं.

“असा रोग बरा करतो म्हणून जाहिरात करणं हाच गुन्हा आहे,” साहेब म्हणाले. “वैद्यावर खटला होणारच. पण त्यानं दिलेल्या मजकुराच्या कागदावर ही शेजारची ओळ नाही. तोंडी सांगितली असेल ना त्यानं?”

आयती सुटका समोर आली होती. झुलालनं होय म्हणून मान हलवली. साहेब जबाब लिहू लागले. झुलालला स्वतःची एवढी किळस आयुष्यात कधी आली नव्हती, तरी त्यानं ते लिहू दिलं.

सुकदेव साहेबांसाठी पाणी घेऊन आला. तांब्या खाली ठेवून तो झुलालजवळ उभा राहिला आणि हळूच बोलला, “मनी मायले वाचता येये नही, भाऊ. ती ओळ मीच तिले वाची दाखाडी. गोया मीच फेकी दिन्या. मीच मारी टाकं तिले.”

झुलालला राहवलं नाही.

“साहेब, ते खोडा,” तो म्हणाला. “मी खोटं बोललो. वैद्यानं काही सांगितलं नव्हतं. ती ओळ माझी आहे.”

साहेबांचा पेन थांबला. “यात तूही आरोपी होशील, कळतंय ना?”

“हो. लिहा.”

सुकदेव त्याच्याकडे वळला. शिवी नाही, हात उगारणं नाही. त्यानं फक्त कारण विचारलं, “काबर लिखी, भाऊ?”

झुलालनं मान खाली घातली.

“भिंतवर जागा उरनी व्हती,” तो म्हणाला. “मोकळी बरी दिखे नही.”