चकतीवरची खोटी विश्रांती

मित्रांनो, पोलंडमधल्या एका जुन्या ट्रकमध्ये, स्टिअरिंगच्या मागे माझी जागा आहे. मला टॅकोग्राफ म्हणतात. गाडी किती वेळ धावली आणि किती वेळ थांबली, हे मी कागदी चकतीवर सुईने लिहितो. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती, हा इथला कायदा. मी त्याचा साक्षीदार.

साक्षीदार कोणाला आवडतो? आमचा चालक बोगूमिव मला 'चहाडखोर' म्हणे. रोज सकाळी चकतीवर स्वतःचे नाव लिहून ती माझ्यात बसवताना तो तिरक्या नजरेने पाही. मीही त्याच्यावर पाळत ठेवून असे. बारा वर्षे आम्ही एकमेकांचा असा संशय घेण्यात काढली.

एका सकाळी आम्ही लुब्लिनहून लांबच्या श्चेचिन बंदराकडे निघालो. चाके धावत होती, पण माझा वेगाचा काटा शून्यावर होता आणि सुई लिहीत होती, 'गाडी उभी आहे'. मला वाटले, अखेर याने डाव साधला.

पण बोगूमिवने माझ्या काचेवर टिचकी मारली, कपाळाला आठ्या घातल्या आणि गाडी कडेला घेतली. तो गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चिंधीत गुंडाळलेले लोहचुंबक होते. चाकांची खबर माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून कोणी तरी ते गिअरबॉक्सवरच्या, चाकांचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरला चिकटवले होते.

त्याने मालकाला, झारेम्बाला, फोन लावला.

"हे चुंबक कोणी लावलं?"

"असू दे रे. आज रात्री माल पोचायला हवा. कागदावर तू आरामच करतोयस."

"कागदावर नाव माझं आहे. उद्या डुलकी लागून कुणाला चिरडलं, तर तूच म्हणशील, हा तर झोप काढून निघाला होता."

"बारा वर्षांत असं बोलला नव्हतास."

"बारा वर्षांत गाडीखाली चुंबकही सापडलं नव्हतं."

चुंबक त्याने कचऱ्यात टाकले. वेळ भरताच गाडी थांबवली, काळा पाव आणि आंबवलेली काकडी खाल्ली आणि डोळे मिटून पडला. मी खरे तेच लिहिले. माल दुसऱ्या दिवशी पोचला आणि बोगूमिवची नोकरी गेली.

आपला स्वेटर न्यायला आला तेव्हा त्याने बाहीने माझी काच पुसली. "उगाच तुझ्यावर डूख धरला," तो हळूच म्हणाला. मलाही त्याला तेच सांगायचे होते. पण मला वाचा कुठली?

आता नवा चालक आहे. गाडी धावते आणि माझा काटा पुन्हा शून्यावर असतो. म्हणून सांगतो, मित्रांनो, चकती स्वच्छ दिसली म्हणून माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी चालकाचे डोळे पाहा.