वीस सेकंदांत गोरख

वधू-वर मेळाव्याचा नियम साधा होता. प्रत्येक मुलाला माइकवर वीस सेकंद. नाव, गाव, शिक्षण, कामधंदा, अपेक्षा. एकविसाव्या सेकंदाला राधाकृष्ण सर घंटा वाजवणार. सर निवृत्त मुख्याध्यापक, आणि घंटा त्यांच्या शाळेचीच, पितळी. निरोप समारंभात शाळेनं नारळासोबत दिली होती म्हणे.

ठिकाण सावेडीतलं एक मंगल कार्यालय. मार्च संपत आलेला, रविवार. मुलं सहाशे अकरा, मुली नऊ. त्या नवांतल्या दोघी भावांसोबत आलेल्या बहिणी होत्या आणि दोघींची लग्नं झालेली होती. त्यांनी हे तीनदा सांगितलं, तरी त्यांच्यासमोर भांग पाडत उभी असलेली पोरं हलेनात.

माझा नंबर तीनशे सत्तेचाळीस.

मी गोरक्षनाथ, सोनईजवळच्या वस्तीवरचा. वय चौतीस. आत्तापर्यंत एक्केचाळीस मुलींच्या घरी जाऊन आलो. एकीच्या बापाला अटॅच बाथरूम हवं होतं, म्हणून आम्ही माडीवर खोली चढवून अटॅच बांधलं. बांधून होईपर्यंत तिला मुलगी झाली. ते अटॅच घरात कुणी वापरायचं नाही, असा आईचा हुकूम आहे. नव्या नवरीनं आधी वापरायचं. आठ वर्षं झाली, सध्या तिथं सरकी पेंडेची पोती असतात.

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण धाकटा भाऊ रविराज पुण्यात कंपनीत लागला आणि त्याचं राहुरीच्या मुलीशी जमलं. तिकडची माणसं समंजस. म्हणाली, थोरल्याचं ठरत असेल तर एकाच मांडवात दोन्ही बार उडवू, नसेल तर अक्षय तृतीयेला आमचं उरकून घेऊ. पत्रिका छापायला टाकायची म्हणून त्यांनी शेवटची मुदत दिली होती ती आजची संध्याकाळ. धाकट्याचं आधी झालं की संपलं. मग थोरल्यात काहीतरी खोट आहे असं पंचक्रोशी धरून चालते, आणि खोट कसली यावर पारावर मतं मांडली जातात. आमच्या वस्तीवर असे चौघे आहेत. त्यांच्याविषयीची मतं मी स्वतः मांडलेली आहेत.

म्हणून मनकर्णा आत्या मला इथं घेऊन आली. गायी टाकून येता येत नाही म्हणून आई घरी थांबली.

"कंपनीत हाय म्हनायचं," आत्या रांगेत म्हणाली आणि पिशवीतून रविराजचं जुनं ओळखपत्र काढून माझ्या गळ्यात अडकवलं. निळी पट्टी, वर कंपनीचं चिन्ह, खाली रविराजचा फोटो.

"आत्या, हा रव्या आहे."

"नाक येकच हाय तुमचं."

"आणि नाकाच्या आजूबाजूचं?"

"कोन बघतंय तितकं. शेती हाय म्हनून शेवटी सांग. आदी शेती काढलीस की बाया पंख्याकडं बघत्यात. मी सकाळधरनं बघतीया."

यात खोटं काहीच नव्हतं. मुलींच्या आयांना जमीन पाहिजे होती, पण त्या जमिनीत उतरणारा नवरा नको होता. त्या स्वतः जमिनीतच उतरत आल्या असल्यामुळे त्यांना बोलताही येत नव्हतं.

माझ्या पुढं तीनशे सेहेचाळीस नंबरचा अजिनाथ होता, पाथर्डीकडचा. तो मोबाईलवर वेळ लावून पुटपुटत होता.

"नऊ शब्दांत बसवलंय," तो मला म्हणाला. "ऐक. अजिनाथ. पस्तीस. बारावी. टेम्पो स्वतःचा. आईबाप म्हातारे. अपेक्षा न्हाई."

"आईबाप म्हातारे कशाला सांगतोस?"

"म्हंजी सुनंला लई वर्सं तरास न्हाई, असा अर्थ निघतो."

"ते आलेत का बरोबर?"

"त्ये काय, तिसऱ्या रांगेत. त्यांनीच सुचवलं."

तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीनं आम्हाला हात केला.

माइकवर सकाळपासून अपेक्षा उतरत चालल्या होत्या. पहिल्या दहा जणांनी सुंदर, सुशिक्षित, नोकरी करणारी अशी मागणी नोंदवली. पन्नाशीच्या आत सुंदर गेलं. शंभराला नोकरी गेली. दीडशेनंतर शिक्षण दहावीवर आलं. दोनशे सोळा नंबरवाल्याला समजूतदार पाहिजे होती, त्याच्यावर मागची पोरं हसली. तीनशेच्या पुढं सगळेच "अपेक्षा नाही" म्हणू लागले. तीनशे अठराला काय वाटलं कोण जाणे, तो "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाला आणि हात जोडून उभाच राहिला. त्याला दोघांनी धरून खाली आणलं.

अजिनाथ गेला, नऊ शब्द बोलला, आला. टाळी एकच वाजली, तिसऱ्या रांगेतून.

मग मी.

वरून पाहिलं तर डाव्या बाजूला सात मुली, त्यांच्या आया आणि एक मोठा कूलर. आयांच्या मांडीवर छापील यादी, हातात पेन. मी गोठ्यात तीन आठवडे पाठ केलेलं म्हणालो, "गोरक्षनाथ, सोनई. बी.ए. पुण्यात कंपनीत. सहा एकर बागायत. घरी आई. धाकटा भाऊ नोकरीला. अपेक्षा नाही."

दहा सेकंदांत संपलं. उरलेल्या दहाचं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सर घड्याळाकडं बघत होते, मी सरांकडं. माझा सगळा जन्म बोलून झाला होता आणि घंटेला अजून वेळ होता. मी एकदा खोकलो. मग घंटा झाली.

पण एका आईनं यादीवर खूण केलेली मी पाहिली होती. पायऱ्या तीनच असून मी चार उतरलो.

जेवणाच्या मांडवाशेजारी हात धुवायच्या नळापाशी त्या बाईंनी आम्हाला गाठलं. केशरबाई, अकोले तालुक्यातल्या. मागं त्यांची मुलगी निकिता, सत्तावीस-अठ्ठावीसची, डोक्यावर ओढणी घेऊन उन्हाला शिव्या दिल्यासारखं तोंड करून उभी.

"कंपनीत हाय म्हनं पोरगा," केशरबाई आत्याला म्हणाल्या.

"व्हय तर. पर्मनंट," आत्या म्हणाली.

"शिफ्ट कंची असती हो तुमाला?" हे मला.

मला कुणी शिफ्ट विचारेल असं तीन आठवड्यांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. तोंड आपलं आपण बोललं. "पहाटे साडेचार ते साडेसहा. परत संध्याकाळी साडेचारला."

"आन् मधी?"

"वैरण."

केशरबाईंनी आत्याकडं पाहिलं.

"क्यांटीनला तसं म्हनत्यात तिकडं," आत्या म्हणाली.

केशरबाईंनी पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्या छातीवरचं ओळखपत्र हातात धरून मला गाईसारखं थोडं पुढं ओढलं.

"ह्यो कोन?"

नळ गळत होता.

"धाकटा," मी म्हणालो. "मी शेती करतो. सहा गायी आहेत. सगळ्या दुधावर."

आता बाई फाडफाड बोलतील, चारचौघांत शोभा होईल, असं वाटून मी मान खाली घातली. पण त्या फोटोच बघत होत्या.

"उंच हाय का ह्यो?" त्यांनी विचारलं.

"माझ्याहून चार बोटं."

"लगीन झालं?"

"ठरलंय," मी म्हणालो.

आत्यानं निकिताला पायापासून ओढणीपर्यंत निरखलं.

"ठरलंय तसं," आत्या सावकाश म्हणाली. "पन साखरपुडा झाल्याला न्हाई."

"आत्या!"

"गप ऱ्हा तू. येक तरी चांगली सून येऊंदे घरात." आणि केशरबाईंना, "चला बाई, तिकडं सावलीत बसू. मोबाईलमदी फोटू हायेत त्याचे."

दोघी पिंपरणीच्या झाडाखाली जाऊन बसल्या. मला बघायला आलेली बाई माझ्याच आत्याच्या मोबाईलवर माझ्या भावाचे फोटो बोटांनी मोठे करकरून बघत होती.

निकिता तिथंच राहिली. "रिक्षावाला दहा मिनिटांत येतो म्हणालाय. तारकपूर स्टँडला जायचंय आम्हाला," ती म्हणाली. "तोवर सांगा."

"काय?"

"काय म्हणजे? वर खोटं सांगितलं. खरं काय ते सांगा. इथं घंटा नाही."

मी सुरुवात केली. "सहा गायी. आई. शेत. माडीवर एक खोली." मग थांबलो. पुढं काहीच येईना. तीन आठवडे काटून काटून मी स्वतःला एवढं बारीक केलं होतं की आता वाढवायला जागाच सापडेना. दहा मिनिटांतलं पाव मिनिटसुद्धा संपलं नव्हतं. ती वाट बघत होती. खरोखर बघत होती, आणि त्याची मला सवय नव्हती.

"तुम्ही सांगा," मी म्हणालो.

"मुलींना माइक नाही दिला. आमचं आई सांगते. 'डी. फार्म, स्वभाव शांत.' एवढंच."

"शांत आहात?"

"नाही."

आतून घंटा ऐकू आली, मग पुढचा नंबर, मग परत घंटा.

"संध्याकाळची धार साडेसहाला संपते," मी म्हणालो. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, सांगायचं म्हणून ठरवलेलंही नव्हतं. "दूध घालून यायला साडेसात होतात. जेवतो, आठ होतात. त्यानंतर झोप येईपर्यंत काय करायचं असतं ते मला कळत नाही. आई टीव्ही लावून झोपते. मी गोठ्यात जाऊन उभा राहतो. गायींना वाटतं पेंड आणली. त्या उठतात. मग मला वाईट वाटतं, म्हणून मी पेंड घालतो. त्यामुळं त्या जास्त जाड झाल्यात."

ती हसली नाही. मी बारकाईनं पाहिलं, हसली नाही.

"मी अकोल्यात मेडिकलमध्ये बसते," ती म्हणाली. "दुकान साडेनऊला बंद होतं. तुमच्यापेक्षा माझा दीड तास कमी रिकामा जातो. पण रविवार पूर्ण असतो."

"आज रविवार आहे."

"म्हणूनच आले."

मला पुढं खूप बोलायचं होतं. आता सापडत होतं, एकामागून एक. नेमकी तेव्हाच रिक्षा आली. रिक्षावाले कधी वेळेवर येत नाहीत, हा चार मिनिटं आधी आला. केशरबाई पिंपरणीखालून लगबगीनं आल्या, यादीवर पेनानं काहीतरी लिहीत.

"नंबर देऊ का माझा?" मी निकिताला विचारलं.

"आईनं घेतलाय," ती रिक्षात बसता बसता म्हणाली.

"माझा?"

तिनं मान हलवली. नाही अशी.

रिक्षा निघाली आणि मी पळालो. का पळालो सांगता येणार नाही. गळ्यात भावाचं कार्ड, खिशाला बिल्ला तीनशे सत्तेचाळीस, पायात रविराजचेच बूट, एक नंबर मोठे. भर दुपारी सावेडीच्या रस्त्यावर मी रिक्षाच्या बाजूनं पळत होतो.

"मला भाकरी येते!" मी ओरडलो. "मी दारू पीत न्हाई! तुमचं मेडिकल बंद करा म्हनणार न्हाई! पायजे तर सोनईत टाका!"

निकितानं बाहेर डोकं काढलं. ती काहीतरी म्हणाली. मागून आलेल्या टेम्पोनं हॉर्न दिला आणि ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतरचं आलं. ते केशरबाईंचं होतं.

"दादा, जोरात घ्या ओ जरा."

रिक्षावाल्यानं घेतली. मी एका आइस्क्रीमच्या दुकानापाशी थांबलो, गुडघ्यांवर हात टेकून. दुकानातल्या बाईनं खुर्ची दिली, नको म्हणालो, तर पाणी दिलं.

फोन वाजला. रविराज.

"दादा, कुणी केशरबाई म्हणून आहेत, अकोल्याच्या. आत्ताच फोन आला. विचारतायत, तुमचं पक्कं ठरलंय की कसं. आत्या म्हणे त्यांना म्हणाली, बघू. हे काय चाललंय तिकडं?"

मी कोपऱ्यापर्यंत पाहिलं. रिक्षा दिसत नव्हती. मी "थांबवून धर" म्हणालो असतो तर त्या बाई दोन-चार दिवस तरी आमच्या नादाला लागून राहिल्या असत्या. घरी आल्या असत्या बघायला. सोबत तीही आली असती. मी चहा घेऊन बाहेर आलो असतो. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या दिसलं, कपबशांसकट. आणि राहुरीची ती पोरगीही दिसली. तिनं बिचारीनं माझं काहीच वाकडं केलेलं नव्हतं.

"त्यांना सांग, पक्कं ठरलंय," मी म्हणालो. "अक्षय तृतीयेला आहे म्हणावं."

"आणि तुझं?"

"राहुरीला कळवून टाक. एकच जोडी."

पलीकडून त्याचा श्वास जोरात ऐकू येऊ लागला. तो रडतोय की जिना चढतोय ते कळेना.

"दादा, मजकूर आजच द्यायचाय प्रेसला," शेवटी तो चाचरत म्हणाला. "खाली निमंत्रकांत बाबा नाहीत म्हणून पहिलं तुझं नाव आहे. तो प्रेसवाला म्हणतोय, लग्न झालेलं नसलं की चिरंजीव लावतात. पण चौतीस म्हटल्यावर तो हसला. श्री लावू का?"

"श्री लावला की लोक सौ कुठंय विचारतात."

"मग चि.?"

दुकानातली बाई रिकामा ग्लास घ्यायला हात पुढं करून उभी होती. मी ग्लास दिला.

"काही लावू नकोस," मी म्हणालो. "नुसतं नाव टाक."